बंद की बंतु

मी एक जुना क्लॅम्प आहे, मित्रांनो. म्हणजे ऑपरेशनच्या वेळी रक्ताची नळी घट्ट धरून ठेवणारा चिमटा. स्वयंपाकघरातल्या सांडशीचा चुलतभाऊ म्हणा, फक्त चार बुकं जास्त शिकलेला. लांबी नऊ इंच, तोंड जरासं वाकडं, तोंडात बारीक दात आणि मुठीपाशी तीन खाचांचं कुलूप. हे कुलूप तीनदा कट्कन वाजलं की माझ्या दातांतली वस्तू ब्रह्मदेव आला तरी सुटायची नाही.

माझ्या जन्माच्या तीन हकिगती आहेत. समोर कोण आहे ते बघून मी एक निवडतो. नव्या सिस्टर असल्या तर सांगतो की एका जुन्या किल्ल्यातली तलवार वितळवून मला घडवलं. कारखान्यातला माणूस असला तर सांगतो की बेळगावच्या उद्यमबागेतल्या भट्टीत माझा रस ओतला तेव्हा तीन कामगारांच्या भुवया जळाल्या. आणि अगदी खरं बोलायची वेळ आलीच तर कबूल करतो की एका पुठ्ठ्याच्या खोक्यातून, कागदात गुंडाळून, एकवीस भावंडांबरोबर मी निपाणीला आलो. त्याआधीचं मला काही आठवत नाही. तुम्हाला तरी तुमच्या जन्माआधीचं कुठं आठवतंय?

निपाणीत तंबाखूच्या वखारी संपतात आणि उसाची शेतं सुरू होतात, तिथं बाळंतपणाचा एक छोटा दवाखाना आहे. तो डॉक्टर वसुधाबाईंचा. बाई मूळच्या बेळगावच्या, वकिलाच्या घरातल्या. इथं आल्या तेव्हा त्यांचे केस काळे होते आणि माझे दात पांढरे होते. वारा वखारीकडून सुटला की आमच्या ऑपरेशन थिएटरमध्येसुद्धा तंबाखूचा वास येतो. अशा वेळी ट्रेमधली सगळी हत्यारं शिंकतात. विश्वास बसत नसेल तर एकदा कान देऊन ऐका.

आता माझं काम सांगतो. बाळ जन्मलं, वार पडली, की आईचं गर्भाशय मुठीसारखं आवळून घट्ट व्हावं लागतं. बोट लावलं तर कच्च्या पेरूसारखं लागलं पाहिजे. ते आवळलं की त्यातल्या रक्ताच्या नळ्या आपोआप दाबल्या जातात. पण कधीकधी ते आवळतच नाही. भिजवून विसरलेल्या कणकेसारखं मऊ पडून राहतं, आणि मग रक्त थांबत नाही. धडधाकट बाई तासाभरात पांढरी पडते. इंजेक्शनं, गोळ्या, पोटावरून चोळणं, आत पाण्यानं भरलेला फुगा ठेवून दाबणं, हे सगळं आधी करून बघतात. त्यानंही भागलं नाही तर पोट उघडतात. आणि तिथंही काही जमलं नाही तर मला हाक येते. मी आणि माझा जोडीदार दोन्ही बाजूंच्या नळ्या धरतो आणि बाई गर्भाशय काढून टाकतात.

गर्भाची पिशवी जाते, बाईचा जीव राहतो. असे अकरा जीव माझ्या दातांनी धरून ठेवले आहेत, मित्रांनो. ही गोष्ट मात्र मी एकाच पद्धतीनं सांगतो, कारण ती तशीच आहे. त्या अकराही जणी आज आपापल्या घरी भाकऱ्या थापताहेत. पण त्यातली एक टाके काढायला आली तेव्हा तिनं हळूच विचारलं होतं, "म्हंजे आता परत कदीच न्हाय न्हवं, बाई?" वसुधाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या दिवशी बाईंनी मला स्वतः धुतलं. खूप वेळ धुतलं. मी तर कधीच स्वच्छ झालो होतो.

त्यानंतर बाई बेळगावला जाऊन एक नवा टाका शिकून आल्या. गर्भाशय काढायचं नाही, दोऱ्यानं बांधायचं. दोरा पुढून खालून घालायचा, खांद्यावरून मागं न्यायचा, मागून आडवा घेऊन दुसऱ्या खांद्यावरून परत पुढं आणायचा आणि दाबून गाठ मारायची. लहान मुलांच्या चड्डीला खांद्यावरून पट्टे असतात ना, तसं. परत दवाखान्यात येऊन बाई रोज दुपारी एका उशीवर सराव करायच्या. मी खिडकीत वाळत पडलेला असायचो. खरं सांगतो, मला ते आवडलं नव्हतं. सुई धरणारा माझा शेजारी तेव्हापासून फार ताठ्यानं वागायला लागला.

एके दिवशी जयाबाई फरशी पुसत होती. जयाबाई म्हणजे आमच्या थिएटरची मावशी. दवाखान्यात यायच्या आधी वीस वर्षं ती वखारीत तंबाखूचे बोद भरायची आणि बांधायची. बोद म्हणजे माणसाच्या छातीएवढं तंबाखूचं पोतं. ती थोडा वेळ उशीकडं बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, ह्यो तर बोद बांधायचा परकार हाय."

"असं?" बाई म्हणाल्या. "मग माझी गाठ सैल का पडतेय?"

"दोरी वढून बोद आवळत न्हाय, बाई. वढाय गेलं तर दोरी पोत्यात रुततीया, पोतं फाटतंय. आदी दुसऱ्यानं वरनं दाबायचं. दाबून दाबून गप बसवायचं. मग नुसती गाठ मारायची."

बाईंनी सुई खाली ठेवली. बेळगावच्या वर्गात मोठ्या डॉक्टरांनी हेच इंग्रजीत सांगितलं होतं. पण त्या दिवसापासून आमच्या दवाखान्यात त्या टाक्याचं नाव 'बोद' पडलं, आणि त्याचा नियम झाला, 'आधी दाब, मग गाठ'.

आता त्या दिवसाची गोष्ट.

त्या दिवशी कुठल्याशा संघटनेनं बंद पुकारला होता. आपल्या सीमेवर अशा दिवसांना तोटा नाही. सकाळपासून ज्याच्या त्याच्या तोंडी एकच शब्द होता. एसटी बंद. बाजार बंद. शाळा बंद. चहाची गाडीसुद्धा बंद, त्यामुळं भूल देणारे डॉक्टर केयूर सकाळपासून करवादलेले.

आणि अशा दिवशी माधवी बाळंत झाली. माधवी कंग्राळीची लेक, सदलग्याची सून. पहिलंच बाळंतपण. नवरा सौरव उद्यमबागेत कामाला होता, तो मोटारसायकलवरून निघाला होता पण रस्त्यात अडकला होता. सोबत होती सासू गुणाबाई. साडेनऊला मुलगी झाली, चांगली साडेतीन किलोची. गुणाबाईनं पदराच्या गाठीत साखर बांधून आणली होती. ती गाठ सोडणार, तेवढ्यात आतून वसुधाबाईंचा आवाज आला, "जयाबाई, वजन करा."

बाळाचं नव्हे, मित्रांनो. रक्तानं भिजलेल्या कापडांचं. आमच्याकडं रक्त डोळ्यांनी मोजत नाहीत. डोळे आपल्याला बरं वाटेल तेच सांगतात. जयाबाई कोरड्या कापडाचं वजन आधीच पाटीवर लिहून ठेवते आणि ओल्यातून वजा करते. चौथी शिकलेली बाई, पण तिची वजाबाकी चुकलेली मी कधी पाहिली नाही.

"आठशे, बाई," ती म्हणाली. "आनि अजून येतंय."

त्याच क्षणी बाईंनी आण्णाप्पाला चिकोडीच्या रक्तपेढीत पिटाळलं. आण्णाप्पा आमचा ड्रायव्हर, राहणारा सदलग्याचाच, घरी कानडी बोलणारा. माधवीचं रक्त बी निगेटिव्ह, सहजी न मिळणारं. दोन पिशव्या बाईंनी आधीच आणून ठेवल्या होत्या. पण बाईंचा हिशोब साधा होता. रक्त लागेल तेव्हा मागवायचं नसतं, लागेल असं वाटलं की मागवायचं असतं.

इंजेक्शनं झाली. गोळ्या झाल्या. फुगा झाला. एक पिशवी संपली, दुसरी चढायला लागली. आणि माधवीला थिएटरमध्ये आणलं.

मी ट्रेमध्ये होतो. माझ्या उजवीकडं जोडीदार, डावीकडं तो ताठ शेजारी. वर दिवा. रक्त ओढून घेणाऱ्या सक्शनच्या मशीनचा घरघराट. बाईंच्या समोर मदतीला नवीन डॉक्टर स्वराली उभी होती. दारात जयाबाई, कारण निरोप आतबाहेर करायचं काम तिचं.

पोट उघडलं. बाईंनी दोन्ही हातांत गर्भाशय घेतलं. "कणीक आहे नुसती," त्या म्हणाल्या.

"प्रेशर पडतंय, बाई," केयूर डॉक्टर म्हणाले. "दुसरी पिशवी अर्ध्यावर आलीय. आण्णाप्पा?"

"फोन लागत न्हाय त्येचा," जयाबाई दारातून म्हणाली.

मग वसुधाबाई जे बोलल्या ते नीट ऐका, कारण सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. त्या म्हणाल्या, "स्वराली, बोद बांधला तर थांबून बघावं लागतं, धरतोय की नाही. आणि थांबायला रक्त हवं. रक्त आलं तर बांधते. नाही आलं तर थांबता येणार नाही. काढायचं."

स्वराली बावीस-तेवीस वर्षांच्या माधवीच्या चेहऱ्याकडं बघत नव्हती. ती घड्याळाकडं बघत होती.

आता आण्णाप्पाचं ऐका. हे त्यानं नंतर इतक्या वेळा सांगितलं की मला तोंडपाठ आहे. चिकोडीतून तो दोन पिशव्या घेऊन निघाला, तर हमरस्त्यावर टायर जळत होते. हा गडी सदलग्याचा, शेतातली एकेक वाट त्याच्या पायाखालची. त्यानं गाडी उसात घातली. त्याचं म्हणणं, वाटेत एक ओढा लागला आणि गाडीनं तो उडी मारून पार केला. मी त्यावर काही बोलत नाही. थापा मारणाऱ्यानं दुसऱ्याच्या थापेला बोट लावू नये.

तर तो पोचला. गाडीतून उडी टाकली आणि बोळाच्या टोकापासूनच ओरडत सुटला. एरवी आण्णाप्पा आमच्याशी झोकात मराठी बोलतो. पण जीव घशाशी आला की माणूस आईच्या भाषेत ओरडतो. तो ओरडला, "रक्त बंतु. रक्त बंतु री, डॉक्टर."

कानडीत 'बंतु' म्हणजे 'आलं'. रक्त आलं. जयाबाईला कानडी येत नाही असं नाही. वखारीत निम्म्या बायका कानडीच होत्या. पण सक्शनचा घरघराट, कानावर टोपी, आणि सकाळपासून कानात भरलेला तो एकच शब्द. तिनं आत वळून सांगितलं, "बाई, बंद म्हंतोय. रक्त बंद."

बाहेर बाकावर गुणाबाईनंही तेच ऐकलं. पण तिनं आपला अर्थ लावला. सुनेचं रक्त बंद झालं. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरला हात जोडले आणि साखरेची गाठ सोडून शेजारच्या बाकावरच्या अनोळखी माणसाच्या हातावर चिमूट ठेवली.

आत अर्थ वेगळाच लागला. रक्तपेढीच बंद, असंच सगळ्यांना वाटलं. वसुधाबाईंनी एकदा डोळे मिटले आणि उघडले. मग हात पुढं केला.

"क्लॅम्प."

स्वरालीनं मला उचलून त्यांच्या हातात ठेवलं. मित्रांनो, हाच क्षण होता ज्याची मी इतकी वर्षं ट्रेमध्ये पडून वाट बघत होतो. शेजाऱ्याला दाखवून द्यायचा क्षण. बाईंनी अंगठा आणि बोटं माझ्या कड्यांत घातली. मला उघडायला गेल्या.

मी उघडलो नाही.

आता यावर दोन मतं आहेत. बाईंचं मत असं की माझ्या कुलपाच्या खाचेत गंज धरला होता आणि मी अडकलो. माझं मत असं की मी दात आवळले. माधवीचं ते कोवळं वय, तो हळूच विचारलेला जुना प्रश्न, ती उशी, ते खूप वेळ धुणं, सगळं मला एकदम आठवलं आणि मी म्हटलं, नाही. तुम्हाला हवं ते माना. बाईंनी दोनदा हिसका दिला. मी घट्टच.

"हा अडकलाय. दुसरा दे."

माझा जोडीदार ट्रेमधल्या कात्रीच्या कड्यात अडकून बसला होता. त्याला सोडवताना स्वरालीची पाच-सहा सेकंदं गेली. आणि त्या पाच-सहा सेकंदांत आण्णाप्पा दाराशी पोचला आणि धापा टाकत पुन्हा ओरडला, "बंतु री. यरडू."

यरडू म्हणजे दोन. बाईंचा हात हवेतच थांबला.

"दोन?" त्या म्हणाल्या. "बंद असलेलं दोन कसं असेल? जयाबाई, बंद म्हणतोय की बंतु?"

जयाबाईनं दार ढकललं. आण्णाप्पा दोन पिशव्या लेकरासारख्या छातीशी धरून उभा होता. तिनं जीभ चावली. "बंतु, बाई. बंतु. आलंय रक्त. माज्या कानात माती पडली."

"माती नंतर काढू," बाई म्हणाल्या. "केयूर, नंबर आणि गट ताडून बघ आणि लाव. स्वराली, हा चिमटा बाजूला ठेव. मोठी सुई दे."

आणि मला ट्रेच्या कोपऱ्यात ठेवून दिलं. तिथून मी जे पाहिलं ते सांगतो. आधी स्वरालीनं दोन्ही तळव्यांत गर्भाशय धरलं आणि दाबलं. टाका घालायच्या आधी ही परीक्षा करावीच लागते. हातानं दाबून रक्त थांबलं, तर दोऱ्यानंही थांबणार.

"जयाबाई, खाली बघा. येतंय का?"

जयाबाई टेबलाच्या पायथ्याशी येऊन वाकली. ती इतका वेळ बघत राहिली की सक्शनसुद्धा श्वास रोखून बसल्यासारखं वाटलं. मग ती म्हणाली, "बंद."

सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. तिच्या लक्षात आलं.

"मराठीतलं बंद, बाई."

केयूर डॉक्टर मास्कच्या आत हसले. सकाळपासून पहिल्यांदा.

मग त्या सुईनं काम केलं. माझ्या शेजाऱ्याच्या दातांत ती सुई अशी फिरली की काय सांगू. पुढून खालून आत, वरून बाहेर, खांद्यावरून मागं, मागून आडवी, दुसऱ्या खांद्यावरून पुढं. वसुधाबाईंचे हात घाईत नव्हते आणि थांबतही नव्हते. साठी जवळ आलेली बाई, सकाळपासून पोटात चहा नाही, पण बोटं अशी चालत होती की जणू हातांना सगळं आधीच ठाऊक होतं आणि बाई नुसत्या त्यांच्याबरोबर चालल्या होत्या. गाठ मारायची वेळ आली तशी बाई दोरा ओढायला लागल्या. पायथ्याशी उभी जयाबाई पुटपुटली, "आदी दाब."

बाईंचा हात थांबला. "स्वराली, दाब," त्या म्हणाल्या. "आणखी. माझ्याकडं बघू नको, हाताकडं बघ. धर." आणि गाठ बसली. न ओढता, न रुतता.

मग वाट बघणं. दहा मिनिटं. पंधरा. रक्त चढत होतं. ती भिजलेली कणीक हळूहळू आक्रसायला लागली. बाईंनी बोट लावलं. "पेरू," त्या म्हणाल्या. एवढंच.

बाहेर आण्णाप्पा गुणाबाईला समजावत होता, "अज्जी, मी बंद नाही म्हटलं, बंतु म्हटलं."

"एकच ते," गुणाबाई म्हणाली. "झालं न्हवं शेवटी बंद? मी आदीच साखर वाटली."

माधवी सहाव्या दिवशी पोरीला घेऊन चालत घरी गेली.

आणि माझं काय झालं? बाईंनी मला उद्यमबागेत नागोजीकडं पाठवलं. नागोजी म्हणजे डोळ्याला भिंग लावून बारीक दुरुस्त्या करणारा म्हातारा. त्यानं मला उलटसुलट केलं, खाच खरवडली आणि निरोप पाठवला, "याचं कुलूप दमलंय, बाई. माणसाच्या जिवावर आता याला घालू नका." माझ्या जागी नवा क्लॅम्प आला. झकपक, गुळगुळीत, आणि अक्कल शून्य. मी काही दिवस कपाटात पडून होतो. मग बाईंनी मला टेबलावर आणलं. आता मी त्यांच्या कागदांना धरून ठेवतो. पंख्यानं काही उडत नाही.

दर वर्षी नव्या सिस्टर आल्या की बाई त्यांना उशी देतात, सुई देतात, आणि जयाबाईला बोलावतात. जयाबाई पदर खोचून 'आधी दाब' शिकवते. शेवटी न चुकता सांगते, "आनि ऐकलेलं परत इचारायचं. कानडीत काय, मराठीत काय, इचारायचं." थिएटरच्या दारावर तिनं बाईंकडून एक पाटी लिहून घेतली आहे. निरोप आला की तो दोनदा म्हणायचा, दोन्ही भाषांत.

आता तुम्ही म्हणाल, या म्हाताऱ्यानं शेवटी काहीतरी शिकवण द्यायलाच हवी. तर देतो. हत्यारांना तेल घालत जा, मित्रांनो. उकळून काढल्यावर सांधा पुसून कोरडा करा, खाचा तपासा, कुलूप वाजवून बघा. माझ्यासारखा गंजलेला चिमटा एखाद्याच दिवशी शहाणा ठरतो, बाकी सगळे दिवस तो जीव घेईल. हे मी, स्वतःच्या गंजावर मोठेपणा मिरवणारा, सांगतोय म्हणजे बघा. आणि मोठे झालात की रक्त द्या. चिकोडीच्या त्या दोन पिशव्या कुणीतरी दोघांनी, नाव न सांगता, भरून ठेवल्या होत्या. त्या दोघांना हे ठाऊकसुद्धा नाही.

चार वर्षांनी माधवी पुन्हा आली. पोट पुढं, हाताला धरून लेक. या खेपेला बाईंनी आठवडाभर आधीच ठेवून घेतलं आणि सिझेरियन केलं. बाहेर आल्यावर त्या स्वरालीला सांगत होत्या की गर्भाशयाच्या खांद्यावर दोऱ्याची एक बारीकशी वाट अजून दिसते. मुलगा झाला. गुणाबाईनं साखर आणली होती, पण या वेळी ती जयाबाईच्या दोन्ही भाषांतल्या निरोपाची वाट बघत बसली आणि मगच गाठ सोडली.

ती मोठी लेक बाईंच्या टेबलापाशी उभी राहून माझं कुलूप कट्कट् वाजवत होती. तिनं विचारलं, "हे कशाला असतंय?"

"धरायला," बाई म्हणाल्या.

"मग यानं काय काय धरलंय?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनी अकरा जणींची नावं सांगितली नाहीत. त्या म्हणाल्या, "ते याला विचार. पण हा खरं सांगत नाही."

तर खरं सांगतो. मी धरलेल्या अकरा जणी अजून भाकऱ्या थापताहेत, त्याचा मला अभिमान आहे. पण जन्मभर बढाई मारावी ती एकाच गोष्टीची, जी मी त्या दिवशी धरली नाही. त्या न धरण्यामुळं झालेलं माधवीचं धाकटं आता सदलग्याच्या अंगणवाडीत जातं, आणि डब्यातली उसळ सांडतं.